बाण वाकतो तेव्हा

मे २०२३ मध्ये बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये माईक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं. देऊळघाटच्या इतक्या जवळचा मुलगा! त्याचं धनुष्य मात्र कंपाउंड, कप्प्यांचं. रिकर्व्हची दोरी बोटांवरून सुटते, आणि खरी गंमत तिथेच आहे.

दोरी बोटांवरून घसरताना जराशी बाजूला सरकते, आणि बाण सापासारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून जातो. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमनने वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. बाण किती वाकावा याचंही माप आहे: २८ इंचांवर टेकवून मध्ये ८८० ग्रॅम लटकवायचे, अर्धा इंच झुकला तर '५००'. आकडा लहान तेवढा बाण ताठ. लाकडाची एकेक काडी निवडत बसायची कटकट आधी ॲल्युमिनियमने आणि मग कार्बनने संपवली.

वजनाचा पेच मात्र राहिलाच. ४० पौंडी धनुष्याला शिकारी साधारण ४०० ग्रेनचा, म्हणजे २६ ग्रॅमचा बाण घेतात. हलका बाण वेगात जातो, पण खोल रुतत नाही. जनावर जखमी होऊन पळतं. जड टोक लावावं तर काडी मऊ वागते, मग पुन्हा ताठ काडी शोधा!

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली. बरंच झालं. त्याआधी सातपुड्यातल्या भिल्लांच्या तिरकामठ्याची दोरीही बोटांवरूनच सुटायची. त्यांच्याकडे चार्ट नव्हता, आणि बाण चुकला तर चूल थंड.