बावीस नंबरचा बोगदा

१९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी गुपचूप पाळत ठेवली आणि जाता-येता टाईप होणारे पासवर्ड टिपून घेतले. दूरच्या यंत्रावर काम करण्याच्या टेलनेट या साधनावरून पासवर्ड जसाच्या तसा जाई, वाटेत बसलेल्याला तो सरळ वाचता येई. तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उतारा म्हणून कूटबद्ध जोडणी करणारे एसएसएच लिहिले आणि जुलैमध्ये सर्वांना मोफत दिले. वर्षअखेरीस ५० देशांत सुमारे २०,००० माणसे ते वापरत होती. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३. मधला २२ युलोनेन यांनी पोर्टांची नोंद ठेवणाऱ्या ‘आयाना’कडे मागितला आणि तो लगेच मिळालाही.

या जन्मकथेत मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांनी सुरुवातीपासूनच दिलेली एक जादा सोय: कूटबद्ध जोडणीतून दुसऱ्या कुठल्याही पोर्टची वाहतूक नेता येत असे. सोबतच्या माहितीपत्रकात उदाहरण होते ई-कॅशच्या व्यवहारांचे. त्या उदाहरणात सोर्स कोड नव्हता. पण या बोगद्याचे खरे गिऱ्हाईक निघाले ते प्रोग्रामरच.

त्याचे कारण सीव्हीएस, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली. ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठात डिक ख्रुने यांनी शेल स्क्रिप्टांच्या रूपात त्याची सुरुवात केली आणि १९८६ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी ते सी भाषेत नव्याने बांधले. पुढे त्याला पीसर्व्हर नावाची नेटवर्कवरची वाट मिळाली, पोर्ट २४०१. तिचे कुलूप तकलादू होते. पासवर्ड किरकोळ अदलाबदल करून पाठवला जाई, आणि सीव्हीएसच्या मार्गदर्शिकेतच तसा इशारा दिलेला होता. असा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवायला फायरवॉल सांभाळणारा कुठला शहाणा माणूस तयार होईल? त्याने तो बंद ठेवला, हे योग्यच झाले.

मग घरून काम करणाऱ्याने कोड आणायचा कसा? आपल्याच यंत्राचा २४०१ हा पोर्ट एसएसएचच्या ‘एल’ या पर्यायाने उघडायचा आणि सीव्हीएसला सांगायचे, सर्व्हर इथेच आहे. सीव्हीएस तिथे जे बोलेल ते कूटबद्ध होऊन २२ वरून फायरवॉलच्या आत जाते. आतले यंत्र ते उलगडते आणि खऱ्या सर्व्हरच्या हाती देते. सर्व्हरच्या दृष्टीने विचारणा आतल्याच यंत्राकडून आलेली असते, आणि फायरवॉलला दिसते ती फक्त २२ वरची जोडणी. म्हणूनच हे फायरवॉल सांभाळणाऱ्याच्या संमतीनेच करावे, असे माझे ठाम मत आहे. जी वाट त्याला ठाऊकच नाही, तिच्यावर तो पहारा ठेवू शकत नाही.

याहून सुटसुटीत रीतही होती. ‘सीव्हीएस आरएसएच’ या चलात एसएसएचचे नाव भरले की सीव्हीएस थेट एसएसएचवरूनच पलीकडच्या यंत्रावर स्वतःला चालू करी, आणि पीसर्व्हरची गरजच उरत नसे. बोगदा हाताने खणण्यापेक्षा मला ही रीत केव्हाही अधिक निर्मळ वाटते, कारण पलीकडे २४०१ हा पोर्ट उघडा ठेवावाच लागत नाही. पुढे सबव्हर्जन या तशाच प्रणालीने तिलाच पत्त्यात जागा दिली, आणि २००५ साली आलेल्या गिटनेही तीच उचलली.

आज काही कार्यालयांत २२ सुद्धा बंद असतो. अशांसाठी गिटमधला कोड ठेवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाने एसएसएचची सोय ४४३ वर, म्हणजे सुरक्षित संकेतस्थळांच्या नेहमीच्या पोर्टवरही करून ठेवली आहे.