ग्वाल्हेरची दुरंगी वीण : एक दुर्लक्षित साधन

ग्वाल्हेरच्या मराठी माणसांचा इतिहास आपण आजवर सनदा, दफ्तरे, कैफियती आणि वाडे यांच्या आधारे वाचत आलो. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर शहर झाले, हे आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असते. मात्र त्या छावणीबरोबर व तिच्या मागोमाग आलेल्या कुटुंबांतील स्त्रियांनी या परक्या हवेत घर कसे उभे केले, हे दफ्तरांतून फारसे कळत नाही. त्याचा एक पुरावा आपल्याच ट्रंकांत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून आहे. दुरंगी लोकरीत विणलेले उशांचे अभ्रे, आसने, टिकोझी, पाळण्यातली पांघरुणे, अशा त्या वस्तू होत.

देशावरच्या घरात लोकर म्हणजे मागावर विणलेली घोंगडी. सुयांवरची वीण आपल्या समाजात आली ती युरोपीय स्त्रिया, मिशनरी शाळा आणि मुलींचे शिवणवर्ग यांच्या वाटेने. पुण्या-मुंबईत ती बहुतांशी हौस राहिली, कारण तिथल्या थंडीला शाल पुरते. ग्वाल्हेरीस पौष-माघात रात्रीचा पारा अनेकदा पाच अंशांच्या आसपास उतरतो. येथे ती गरज झाली. शब्दांवरूनही हे दिसते. पुण्याची मावशी 'सुया' आणि 'टाके' म्हणे. आपल्या घरांत 'सलाया' आणि 'फंदे' रुळले. वस्तू मांडली जाई ती मराठी रुखवतात, पण तिची परिभाषा शेजारच्या हिंदी भाषक गृहिणींकडून घेतलेली. दुपारच्या उन्हात शेजारी बसून विणण्याचा जो सहवास घडला, त्याची ही नोंदच म्हणावी लागेल.

दुरंगी विणीची रीत अशी. एका ओळीत दोनच रंग घ्यायचे. ज्या रंगाचा टाका हवा तो विणायचा आणि दुसरा धागा तोवर मागून सैलसा न्यायचा. मागचा धागा ताणला तर कापड आकसते; फार सैल सोडला तर त्यात बोटे अडकतात. तो पाच-सहा टाक्यांहून लांब जाऊ लागला की चालत्या धाग्याखाली मध्येच अडकवून घ्यावा लागतो. पैठणीशी तुलना केली म्हणजे यातला भेद स्पष्ट होतो. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंग आपापल्या जागी खेळतो आणि कडेला शेजारच्या रंगात गुंततो. म्हणून पदर दोन्ही अंगांनी सारखा दिसतो. या लोकरी विणीला मात्र उलटी बाजू असते, आणि तिची ऊब त्या बाजूतच आहे. मागून गेलेल्या धाग्यांमुळे कापड दुपदरी होते. पाठ झाकली जावी आणि ऊब टिकावी अशा अभ्र्याला, आसनाला व टिकोझीला म्हणूनच ही वीण शोभली.

ही रीत जगभर ओळखली जाते ती स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फेअर आयल या चिमुकल्या बेटाच्या नावाने. १९२० नंतरच्या दशकात प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड यांनी गोल्फ खेळताना त्या बेटाचा स्वेटर घातला आणि कोळ्यांच्या घरातली वीण फॅशन झाली. हेच राजपुत्र १९२२ च्या फेब्रुवारीत माधवराव शिंदे यांचे पाहुणे म्हणून ग्वाल्हेरला आले होते. परंतु राजपुत्र आले म्हणून वीण आली, असा धागा जोडण्याचा मोह आपण आवरावा. नमुना हाती आला असेल तो छापील पुस्तिकांतून आणि एकीने दुसरीला दाखवून.

नक्षी मात्र आपल्या बायकांनी स्वतःची घातली. रांगोळीचे ठिपके आणि कशिद्याचा चौकटींचा कागद यांवरून कुयरी, मोर, तुळशीवृंदावन सुयांवर आले. येथे एक अडचण उभी राहते. लोकरीचा टाका चौकोनी नसतो. तो उंचीपेक्षा रुंद असतो. कागदावरचे चित्र जसेच्या तसे विणले तर बसकट उतरते. आमच्या पाहण्यात अभ्र्यांची एक जोडी आहे. एकीवरचे वृंदावन बुटके आहे. दुसरीवर ओळी वाढवून ते प्रमाणात आणले आहे. पहिला अभ्रा उसवला गेला नाही. चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही रुखवतात मांडली गेली. विणणारीने आपल्या विचाराविषयी एक अक्षर लिहिले नाही, तरी तो विचार आपल्याला वाचता येतो.

चंदेरीच्या विणकरांसाठी शिंदे सरकारने १९१० मध्ये प्रशिक्षण केंद्र काढले. ग्वाल्हेरच्या हाती विणलेल्या गालिचांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. पण जी वस्तू विकायची नव्हती तिची नोंद कोणी ठेवली नाही. १९६२ च्या युद्धात देशभरातील स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर विणले. तेवढ्यापुरती या हातांची सार्वजनिक दखल घेतली गेली. पुढे लुधियानाचा यंत्रावरचा माल, तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटर आणि ॲक्रिलिकचे धागे आले, आणि घरातल्या सलाया मागे पडल्या.

कागदाला वाळवी लागते तशी लोकरीला कसर लागते. सनदांच्या नकला आपण करून ठेवल्या. या वस्तूंच्या तेवढ्याही नाहीत. तेव्हा येत्या हिवाळ्यात ट्रंक उघडाल त्या वेळी अभ्रा उलटा करून पाहावा, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, आणि कोणी, कुठे, कोणाच्या लग्नासाठी विणला हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला विचारून एका चिठ्ठीवर लिहून ती त्याला टाचावी. हे सांगू शकणाऱ्या स्त्रिया आता थोड्या उरल्या आहेत. त्यांना विचारण्याचे काम दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही.