वाडेकर, अजित लक्ष्मण : संघव्यवस्थापक

(१ एप्रिल १९४१ – १५ ऑगस्ट २०१८). भारतीय क्रिकेटपटू, कर्णधार व १९९२ ते १९९६ या काळात भारतीय संघाचे व्यवस्थापक. जन्म व मृत्यू मुंबईत. १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकणारे कर्णधार म्हणून ते घरोघरी ठाऊक आहेत. त्यांच्या व्यवस्थापकपदाची दखल मात्र त्या मानाने फारच कमी घेतली गेली.

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये फलंदाजीचा क्रम लावणे, पिचर बदलणे हे निर्णय मॅनेजरच घेतो. क्रिकेटमध्ये खेळ सुरू झाला की सूत्रे कर्णधाराच्या हाती जातात. व्यवस्थापकाला आपले म्हणणे त्याच्याकरवीच मैदानात उतरवावे लागते. वाडेकरांना हे साधले, कारण कर्णधाराचे एकटेपण त्यांनी स्वतः भोगले होते.

१९९२-९३ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात मालिका ०-१ अशी गेली आणि कर्णधार मोहम्मद अझरुद्दीनवर टीका झाली. त्यानंतर लगेच भारतात आलेल्या इंग्लंडला भारताने ३-० असे हरवले. अनिल कुंबळे, वेंकटपती राजू व राजेश चौहान असे तीन फिरकी गोलंदाज एकत्र खेळवले गेले. कुंबळेने २१ बळी घेतले. वाडेकरांच्या कारकिर्दीत भारताने मायदेशात एकही कसोटी मालिका गमावली नाही. परदेशात मात्र १९९३ चा श्रीलंका दौरा सोडल्यास कसोटी विजय मिळाला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

त्यांचा सर्वांत दूरगामी निर्णय २७ मार्च १९९४ चा, ऑकलंडच्या एकदिवसीय सामन्यातला. सलामीवीर नवज्योतसिंग सिद्धूची मान आखडली होती. सचिन तेंडुलकरने सलामीला जाण्याची गळ घातली. वाडेकर व अझरुद्दीन यांनी ती मानली. सचिनने ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या. पुढे त्याच्या ४९ एकदिवसीय शतकांपैकी ४५ सलामीलाच झाली. खेळाडूचे ऐकून घेणे हाही व्यवस्थापकाच्या कौशल्याचाच भाग, आणि वाडेकरांचे श्रेय इथे निःसंशय मोठे आहे.

१९९६ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात, कोलकात्यात, भारताने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. पाठलाग करताना भारताचा डाव १ बाद ९८ वरून ८ बाद १२० असा कोसळला. त्यानंतरच्या इंग्लंड दौऱ्यावर संदीप पाटील व्यवस्थापक होते. वाडेकर पुढे राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले.