मुतखडा आणि शस्त्रवैद्य

सातारा-सांगलीकडे मुतखड्याची कळ उठली कीं घरांतल्या वडीलधाऱ्यांस प्रथम कुळथाचें कढण आठवतें; शस्त्राचें नांव अगदीं शेवटीं निघतें. ही भीति अडाणीपणाची नव्हे. सुश्रुतानें बस्तींतील खडा शस्त्रानें काढण्याचा विधि सविस्तर सांगितला, पण त्यापूर्वीं राजाची अनुज्ञा घ्यावी असेंही बजावलें. शस्त्र न लावल्यास मरण निश्चित, लावल्यास जगणें संशयित, हा त्याचा हिशेब. स्वतःच्या विद्येची मर्यादा इतक्या मोकळेपणानें सांगणारे शस्त्रवैद्य विरळाच.

युरोपांतही पुष्कळ शतकें हाच प्रकार होता. पुढें १८२४ मध्यें पॅरिस येथें सिव्हिआल यानें मूत्रमार्गानेंच उपकरण आंत घालून खडा आंतल्या आंत फोडला. १८७८ मध्यें बॉस्टनच्या बिगेलो यानें फोडलेला चुरा त्याच वेळीं धुऊन काढण्याची रीत घातली. मुलांचा मूत्रमार्ग अरुंद, तेव्हां त्यांस ही सोय नाहीं, असें भलेभले समजत. ती समजूत खोटी ठरली ती होळकरांच्या इंदुरांत, कीगन या शस्त्रवैद्याच्या हातून, १८८० नंतरच्या दशकांत.

त्याच सुमारास, १८८९ मध्यें, डॉ. विल्यम वान्लेस हे मिशनरी हिंदुस्थानांत आले. आरंभीं सांगलीस व नंतर मिरजेस त्यांनीं काम केलें; मिरजेचें रुग्णालय १८९४ मध्यें उघडलें. मिरज तेव्हां पटवर्धनांचें संस्थान. तें १९४९ मध्यें दक्षिण सातारा जिल्ह्यांत आलें व १९६० मध्यें त्या जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. मिरज आगगाडीचें जंक्शन असल्यामुळें दूरदूरचा रोगी तेथें पोहोंचूं शके, आणि शस्त्रक्रियेनंतर चालत घरीं परतलेला एक शेजारी दहा व्याख्यानांहून अधिक धीर देई. वान्लेसवाडी हें नांव आजही त्या भागांत आहे.

मूत्रपिंडांतला खडा मात्र हट्टी. त्यासाठीं कूसच कापावी लागे. १९७६ मध्यें स्वीडनमध्यें फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनीं पाठींतून वाट पाडून तो काढला. १९८० मध्यें म्यूनिक येथें चाउसी यानें शरीराबाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडला. आतां क्ष-किरणांत पाहत पाठींतून सुई मूत्रपिंडांत नेतात, ती वाट हळूहळू रुंदावतात, आंत दुर्बीण घालतात आणि फोडलेले तुकडे बाहेर काढतात. त्वचेवरील जखम सुमारें एक सेंटिमीटरची. लहान खड्यास कित्येकदां तीही नको. मूत्रमार्गानें गेलेली लवचिक दुर्बीण व लेसर काम करतात.

राजाची अनुज्ञा आतां लागत नाहीं. सही रोग्याचीच घेतात. रक्तस्राव व जंतुबाधा हे धोके त्या कागदावर अजूनही असतात, आणि काढलेला खडा पुन्हां होऊं शकतो, हेंही डॉक्टर सांगतात.