वत्सगुल्माचा पाहुणचार

वाकाटकांच्या एका शाखेने जेथे राजधानी केली आणि राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशी विवाह जेथे लावून दिला, ते वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम, त्या विवाहाच्या पंगतीचा बेत मात्र कवीने सांगितला नाही, हे आम्हां खवय्यांचे दुर्दैव. पुढे निजामाच्या अमलातून १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले, १९०५ मध्ये वाशिमचा जिल्हा मोडला, १९९८ मध्ये तो पुन्हा झाला. पण दप्तरे कोठेही हलोत, परगावचा स्नेही दोन दिवस मुक्कामास आला की वऱ्हाडी यजमान आधी गोवऱ्यांची तजवीज पाहतो. गव्हाच्या जाडसर पिठात ओवा, मीठ आणि तेलाचे मोहन घालून, एकावर एक पारी चढवून वळलेले रोडगे निखाऱ्यांत पुरावे, राख झटकून हातानेच फोडावे, वाफाळत्या भुग्यावर तूप ओतावे आणि शेजारी वांग्याची झणझणीत भाजी वाढावी, असा हा शेतातला थाट. दुसऱ्या दिवशी कळण्याची भाकरी व ठेचा. कारंज्याला गुरुमहाराजांच्या दर्शनास पाहुण्याला न्यायचे ते त्यानंतरच, कारण उपाशीपोटी त्याला घराबाहेर काढणे येथे कोणासही रुचत नाही.