एका सोमवारची नभोवाणी

एखाद्या राष्ट्राचा इतिहास लिहावयाचा म्हणजे आपण राजांच्या वंशावळी, लढाया आणि तहनामे धुंडाळतो. त्या राष्ट्रातील माणसे सकाळपासून रात्रीपर्यंत काय ऐकत होती, हे विचारावयाचे सहसा कोणास सुचत नाही. २५ जानेवारी १९५४ हा ब्रिटनमधील असाच एक साधा सोमवार. महायुद्ध संपून आठ वर्षे उलटली होती, तरी मांस आणि लोणी अजून रेशनवरच मिळत होते. दूरचित्रवाणी घरात शिरू लागली होती खरी. पण बहुसंख्य कुटुंबांचा दिवस अजून रेडिओच्या आवाजावरच उगवत आणि मावळत होता.

त्या रेडिओची मांडणी मोठ्या विचाराने केलेली होती. बी. बी. सी.वर जाहिराती नव्हत्या. श्रोत्याने वर्षाला १ पौंड भरून परवाना घ्यावा आणि तीन सेवांपैकी हवी ती ऐकावी. १९४५ साली निघालेला लाइट प्रोग्रॅम करमणुकीचा. १९३९ पासूनची होम सर्व्हिस बातम्या, भाषणे आणि नाटकांची. आणि १९४६ सालचा थर्ड प्रोग्रॅम अभिजात संगीताचा व गंभीर साहित्याचा. युद्धोत्तर काळातील महासंचालक सर विल्यम हेली यांच्या मनात या तिहींचा मिळून एक पिरॅमिड होता. श्रोता पायथ्याशी गाण्यांत रमेल, हळूहळू मधल्या पायरीवर चढेल आणि एके दिवशी शिखराकडे पाहू लागेल, अशी त्यांची श्रद्धा होती.

आता तो सोमवार पाहा. सकाळी ग्रिनिचचे सहा ठोके पडत आणि बातम्या सुरू होत. पुरुषमंडळी कामावर गेली की लाइट प्रोग्रॅमवर गृहिणींच्या आवडीची गाणी लागत. कारखान्यांसाठी ‘म्यूझिक व्हाइल यू वर्क’ असे. १९४० साली, युद्धाच्या ऐन धामधुमीत, हातांचा वेग टिकावा म्हणून हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात संथ चाली वर्ज्य, आणि ज्या गाण्याला टाळ्या देण्यासाठी कामगार हातातले काम सोडील तेही वर्ज्य! दुपारी पावणेदोनला लहान मुलांना आईच्या मांडीवर बसून ऐकण्याची पंधरा मिनिटांची गोष्ट, आणि दोन वाजता ‘वुमन्स अवर’. १९४६ साली स्त्रियांचा हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्याचा निवेदक एक पुरुष होता, हे आज वाचून हसू येईल. पण ज्या दुखण्यांचा उच्चार घरात होत नसे, त्यांची चर्चा याच कार्यक्रमाने लवकरच उघडपणे सुरू केली.

स्वयंपाकघराशी बोलण्याची ही रीत रेडिओ युद्धकाळातच शिकला होता. त्या काळी होम सर्व्हिसवर ‘किचन फ्रंट’ या कार्यक्रमात तुटपुंज्या शिध्यात घर कसे चालवावे हे सांगितले जाई. महाराष्ट्रातून विलायतेस गेलेल्या आणि बी. बी. सी.त जॉर्ज ऑर्वेल यांच्याबरोबर काम केलेल्या वेणू चितळे यांनी त्यात इंग्रज गृहिणींना शाकाहारी स्वयंपाक समजावून दिला. मांस मिळेनासे झाले तेव्हा आपल्याकडच्या वरणभाताची विद्या तेथे उपयोगी पडली म्हणावयाची.

संध्याकाळी पाचला मुलांचा तास आणि पावणेसातला ‘आर्चर्स’ ही ग्रामीण मालिका. अन्नटंचाईच्या दिवसांत शेतकऱ्याच्या कानावर नवी शेती घालावी, या हेतूने गॉडफ्रे बेझली यांनी ती रचली. शेतकऱ्याबरोबर शहरेही तिच्या नादी लागली.

त्याच रात्री थर्ड प्रोग्रॅमवर डिलन टॉमस यांचे ‘अंडर मिल्क वुड’ प्रथम ध्वनिक्षेपित झाले. कवी अडीच महिन्यांपूर्वीच, वयाच्या ३९व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये वारला होता. वेल्समधील समुद्रकाठच्या एका लहान गावाचा रात्रीपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस, तेथील माणसांची स्वप्ने, भांडणे आणि लाजिरवाणी गुपिते, हे सारे केवळ आवाजांतून उभे करावयाचे होते. मुख्य निवेदन रिचर्ड बर्टन यांचे. दिवसभर ज्या सामान्य माणसांसाठी रेडिओ बोलत होता, त्यांचेच जिणे रात्री काव्य होऊन त्यातून उमटले.

ते ऐकले किती जणांनी? थर्ड प्रोग्रॅमचा श्रोतृवर्ग नेहमीच मूठभर. त्याचे प्रक्षेपण देशभर नीट पोचतही नसे. हेलींचा पिरॅमिड काही लोक चढले नाहीत. ज्याने त्याने आपापली पायरी धरली. २२ सप्टेंबर १९५५ रोजी जाहिरातींवर चालणारी दूरचित्रवाणी सुरू झाली. त्याच रात्री ‘आर्चर्स’मधील ग्रेस ही नायिका आगीत सापडून मेली आणि देश हळहळला. शेतकऱ्याला शहाणे करण्यासाठी जन्मलेली मालिका प्रतिस्पर्ध्याकडचे कान आपल्याकडे ओढू लागली होती. १९५७ साली थर्ड प्रोग्रॅमचे तास कापले गेले आणि १९६७ साली या सेवांची जुनी नावेही गेली.

म्हणून हेली हरले असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. डोकी मोजून सारे ठरविले असते, तर त्या सोमवारी रात्री ते नाटक ध्वनिक्षेपित झालेच नसते. पुढे त्याला १९५४ चे ‘प्री इटालिया’ पारितोषिक मिळाले आणि मूठभरांसाठी निघालेले ते शब्द जगभर गेले. लोक मागतील ते त्यांना द्यावेच. पण त्यांनी अजून मागितलेले नाही असेही काही त्यांच्या हाताशी ठेवावे, हा त्या एका पौंडामागचा करार होता. कारखान्यातला कामगार रात्री खुंटी फिरवील की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे. खुंटीच्या पलीकडे काही असले पाहिजे, एवढी जबाबदारी मात्र बोलणाऱ्याची.