मध्य-आशियाच्या संशोधनांतील दोन रामसिंग

सर ऑरेल स्टाइन यांच्या चिनी तुर्कस्तानांतील प्रवासवृत्तांतांत रामसिंग हें नांव वारंवार येतें. हीं वस्तुतः एकाच नांवाचीं दोन माणसें होत. नामसाम्यामुळें एकाचें श्रेय दुसऱ्याकडे जाण्याचा संभव असल्यानें त्यांचीं चरित्रें येथें वेगळीं करून देत आहों.

पहिला रामसिंग हिंदुस्थानच्या सर्व्हे खात्यांतील मोजणीदार. कॅप्टन डीझी यांच्या हाताखालीं त्यानें मध्य-आशियांत पूर्वीं काम केलें होतें. स्टाइन यांच्या पहिल्या मोहिमेंत (इ. स. १९००-०१) फलक मांडून नकाशा काढणें व शिखरांचे वेध घेणें हें काम त्याच्याकडे होतें. वाळूंत गडप झालेल्या दंदान-उइलिक, निया इत्यादि स्थळांची जागा नकाशावर निश्चित झाली नसती, तर तेथील लेखांचें ऐतिहासिक मोल पुष्कळच उणावलें असतें. दुसऱ्या मोहिमेंत (१९०६-०८) तो पुन्हां निघाला. परंतु संधिवातामुळें १९०७ सालीं त्यास परतावें लागलें व त्याच्या जागीं लालसिंग हा मोजणीदार आला.

दुसरा, सॅपर्स अँड मायनर्स पलटणींतील नाईक रामसिंग, याच दुसऱ्या मोहिमेंत सामील झाला. छायाचित्रण, सुतारकाम व सांपडलेल्या वस्तु जपून बांधणें हीं त्याचीं कामें. १९०७ च्या आरंभीं मिरान येथील बौद्ध मंदिरांतून पंखधारी आकृतींचीं चित्रें भिंतीवरून उतरविण्यांत त्याचे हात होते. वाळवंटांत हिवाळ्यांतच शिरावें लागे, कारण तेव्हां पाणी बर्फाच्या रूपानें उंटांवर नेतां येई. म्हणून उरलेल्या चित्रांसाठीं पुढील हिवाळ्यांत त्यास मिरानला स्वतंत्रपणें धाडण्यांत आलें. वाटेंत चरखलिक येथें त्याचा एक डोळा गेला. तरीही मिरानला पोंचून तो कामास लागला, आणि तेथें दुसराही गेला. हा काचबिंदु असाध्य ठरला. सरकारनें त्यास पेन्शन दिलें. परंतु १९०९ सालीं तो वारला.

दुन्हुआंगच्या हस्तलिखितांमुळें स्टाइन यांस कीर्ति मिळाली, व तीं चीनबाहेर नेल्याबद्दल दोषही. या दोन्ही चर्चांत हे सहकारी मागें पडतात. मिरानचीं कांहीं चित्रें आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहेत. त्यांच्या इतिहासांत नाईक रामसिंगाचें नांव मोजणीदार रामसिंगाहून वेगळें नोंदलें जाणें अवश्य आहे.